आजारी पडण्याआधीची फाईल

(भिवंडीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुण-तरुणींच्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. मोबाईल काढा आणि व्हॉट्सअॅपच्या शोधाच्या चौकटीत ‘इमदाद’ किंवा ‘मदत’ हा शब्द टाका. काय काय वर येतंय ते बघा. आयसीयूतला फोटो, हॉस्पिटलने दिलेला खर्चाचा अंदाज, खाली क्यूआर कोड आणि शेवटी ‘जास्तीत जास्त फॉरवर्ड करा’. माझ्या फोनमध्ये काल असे अकरा मेसेज निघाले. त्यातल्या तीन कुटुंबांना मी ओळखते.

हे मी थट्टेने सांगत नाही. भिवंडी देणाऱ्यांचं गाव आहे. लूम बंद असताना, मंदीतसुद्धा, जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली तर ती रिकामी राहत नाही. पण आजारपणासाठीच्या चंद्याचं एक वैशिष्ट्य आपण कधी बोलून दाखवत नाही. तो ओळखीच्या माणसाला मिळतो. ज्याच्या मामाचा मशिदीच्या कमिटीत शब्द चालतो, त्याच्यासाठी दोन दिवसांत दोन लाख उभे राहतात. जो दापोडा रोडच्या गोदामात गेल्या वर्षी कामाला लागला, त्याच्यासाठी नाही. मुलीचं आजारपण असेल, त्यातही बायकांचं दुखणं असेल, तर घरचे मेसेजच टाकत नाहीत, कारण लग्न जमायचं असतं. शिवाय हॉस्पिटल अनामत रक्कम रात्री दोनला मागतं आणि चंदा जुम्याला जमतो.

तर आजचा विषय आहे स्वतंत्र काम करणाऱ्यासाठी परवडणारा आरोग्य विमा. तुमच्यात व्हिडिओ एडिटर आहेत, जॅकार्डची डिझाईन कम्प्युटरवर करणारे आहेत, घरी शिकवणी घेणाऱ्या, मेहंदी काढणाऱ्या, दुकानदारांचं जीएसटी भरून देणारे, डिलिव्हरी करणारे आहेत. मी स्वतः सबटायटल्स आणि भाषांतराचं काम करते. आपल्याला कुणी एचआर नाही. कंपनीचं ग्रुप इन्शुरन्सचं कार्ड नाही.

‘फ्रीलान्सर’ हा शब्द नवा आहे, पण माणूस नवा नाही. माझे अब्बा लूमवर होते. पगार मीटरवर. कापड निघालं तर पैसे, वीज गेली तर नाही, ताप आला तर नाही. त्यांना कुणी फ्रीलान्सर म्हटलं नाही एवढंच. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा होता. कागदावर तो विजेवर चालणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला लागू व्हायचा, पण किमान दहा कामगार असायला हवे होते. आणि आपल्याकडे एकाच छताखालचे लूम तीन नावांवर का असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे बापाला ‘ईएसआय’ मिळालं नाही, कारण मालकाच्या कागदावर माणसं कमी होती, आणि मुलाला मिळत नाही, कारण त्याला मालकच नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली आहे, आणि अॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. अॅपवर डिलिव्हरी करणाऱ्यांनी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा नोंदणी झालेल्या कामगारांना आयुष्मान योजनेत घेण्याची घोषणा झाली होती. पण थेट ग्राहकाकडून काम घेणाऱ्या माझ्यासारखीला यातून लगेच काही मिळेल, असं मला वाटत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. २०२२ साल. अब्बांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. रिक्षा, मग अॅम्ब्युलन्स, मग अंजूर फाट्याला कंटेनरच्या रांगेत पाऊण तास. ठाण्याच्या बाजूच्या एका खाजगी हॉस्पिटलात पोचलो. अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट लगेच टाकायला हवा म्हणाले. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड होतं. ते हॉस्पिटल महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत होतं, तिथे आरोग्यमित्राचं टेबलही होतं. सगळं होतं. फक्त रेशनकार्डवर अब्बांच्या नावाआधी ‘मो.’ होतं, आधारवर ‘मोहम्मद’ पूर्ण होतं, आणि वडिलांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. टेबलावरचा मुलगा म्हणाला, नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा. शुक्रवारची रात्र होती. शिधावाटप कार्यालय उघडणार सोमवारी.

आम्ही पैसे भरले. दोन लाख साठ हजार. त्यात माझ्या नव्या लॅपटॉपसाठी ठेवलेले पैसे होते आणि आपाच्या बांगड्या होत्या. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन कागद मागाहून देण्याची सोय या योजनेत असते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. त्या रात्री ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही. अल्लाहच्या कृपेने अब्बा ठीक आहेत. पण एका टिंबाची किंमत दोन लाख साठ हजार, हे मी विसरलेले नाही.

म्हणून परवडणाऱ्या विम्याबद्दल विचारलं की मी आधी हप्त्याचं बोलत नाही. आधी रेशनकार्ड काढा म्हणते. तुमच्या नावावर एक विमा बहुधा आधीच आहे. त्याचा हप्ता शासन भरतं. तो वापरता यावा एवढंच तुम्हाला करायचं आहे, आणि तेही ठणठणीत असताना.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. बराच काळ ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. पांढरं कार्ड असलेल्याने विचारायचंसुद्धा नाही, अशी समजूत तेव्हापासून घराघरांत बसली आहे. ती आता चुकीची आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आणि अधिवास दाखला असणाऱ्यांना खुली केली. कार्ड पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही चालतं. संरक्षण दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झालं, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या निर्णयात १,३५६ उपचार होते. हृदय, मूत्रपिंड, डायलिसिस, कर्करोग, भाजणं, अपघात, मेंदूच्या शस्त्रक्रिया, नवजात बाळाचे उपचार असं बरंच काही त्यात येतं. यादी बदलत असते, म्हणून दाखल होताना विचारायचंच.

यात काय येत नाही, तेही सांगते, नाहीतर उद्या मला शिव्या द्याल. बाहेरच्या बाह मंडळींना, म्हणजे दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन येणाऱ्याला, यातून काही मिळत नाही. यादीतला उपचार हवा आणि यादीतलंच हॉस्पिटल हवं. मोठं, चकाचक हॉस्पिटल बहुधा यादीत नसतं, किंवा असलं तरी ठरावीक विभागापुरतं असतं. ‘योजनेतले बेड भरलेत’ हेही ऐकावं लागतं. तेव्हा वाद आरोग्यमित्राशी घालत बसू नका, हेल्पलाईनला फोन लावा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. हा नंबर आत्ता सेव्ह करा, मी थांबते.

झालं? आता फाईल.

घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर वाचा. आपल्या नावांचा हा खास प्रश्न आहे. मोहम्मद, मोहंमद, मो., एमडी. शेख आधी की नंतर. खातून, बानो, बी. अन्सारीची इंग्रजी स्पेलिंग किती तऱ्हेची असतात ते तुम्हीच मोजा. शाळेच्या मास्तरांनी एक लिहिलं, रेशनच्या कारकुनाने दुसरं, आधारच्या मुलाने तिसरं. माणूस एकच आहे, पण मशीनला तीन दिसतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून सासरच्या कार्डात चढवलंय का? लहान बाळाचं नाव आहे का? ज्यांचं कार्ड अजून आझमगडचं किंवा मधुबनीचं आहे आणि राहणं मात्र वीस वर्षं शांतीनगरमध्ये, त्यांनी इथल्या कागदांची सुरुवात आजच करावी, कारण त्याला दिवस नाही, महिने लागतात. मग ई-केवायसी करून आयुष्मान कार्ड काढून ठेवा. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांचं वेगळं काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ही सोय आहे. श्रीमंत नानालाही आणि गरीब नानीलाही.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही फाईलमध्ये असू द्या. आपल्याकडे पगाराची स्लिप नसते, त्यामुळे हाच आपला पुरावा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबईतली काही नामांकित हॉस्पिटलं यात आहेत. तिथे पहिला कागद हाच मागतात. आणि एक गोष्ट लूमवाल्यांच्या घरांसाठी. खोकला दोन आठवडे चालला तर खाजगीत पैसे घालवू नका. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिना एक हजार रुपये खात्यात येतात. त्याला कोणत्याच विम्याची गरज नाही.

एवढं असताना खाजगी पॉलिसी कशाला, असं विचाराल. कारण यादीत नसलेला आजार होऊ शकतो. जवळचं हॉस्पिटल योजनेत नसू शकतं. डेंग्यूने पाच दिवस दाखल झालात तर बिल साठ-सत्तर हजारांवर जाऊ शकतं आणि त्या पाच दिवसांत तुमची कमाईही शून्य असते. पंचविशीतल्या निरोगी माणसाला पाच लाखांची साधी पॉलिसी साधारणपणे वर्षाला दहा हजारांच्या आत मिळते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. म्हणजे जिथे ११,८०० द्यावे लागायचे तिथे आता १०,०००. एजंटने अजून कर लावून आकडा सांगितला तर पावती मागा.

कोणती घ्यायची, हे मी सांगणार नाही, मी एजंट नाही. पण तुलना कशाशी करायची ते सांगते. ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एक ठरावीक पॉलिसी विमा नियामकाने १ एप्रिल २०२० पासून कंपन्यांना विकायला लावली. कंपनी कोणतीही असो, अटी त्याच, फक्त हप्ता वेगळा. त्यामुळे किंमत ताडून बघता येते. तिच्यात खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि मंजूर बिलाचे ५ टक्के तुम्ही भरायचे. बाळंतपण तिच्यात नाही.

ही खोलीच्या भाड्याची अट लोकांना नीट समजत नाही आणि तिथेच ते फसतात. समजा मर्यादा ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं वरचे तीन हजार रोज आपण भरू. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, शस्त्रक्रियागृह, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. हे बिल १,६०,००० झालं असेल तर कंपनी ते १,००,००० धरते. साठ हजार गेले, एका खिडकीच्या हवेसाठी. नातेवाईक काय म्हणतील म्हणून स्वतंत्र खोली घेणारे आपण लोक, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट खरं बोलण्याची. माझा मावसभाऊ व्हिडिओ एडिटर. वय २८, शुगर आहे. एजंटने सांगितलं, ‘शुगर लिहू नकोस, हप्ता वाढेल, कोण बघतंय?’ याने नाही लिहिली. चौदा महिन्यांनी दाखल झाला, हॉस्पिटलच्या जुन्या केसपेपरवर ‘तीन वर्षांपासून मधुमेह’ असं लिहिलेलं निघालं. दावा नाकारला, पॉलिसी रद्द. एजंट फोन उचलत नाही. त्याने खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? हप्ता थोडा जास्त आणि त्या आजारासाठी थांबण्याचा काळ. हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो, पूर्वी चार होता. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणून पॉलिसी लवकर घ्यायची आणि तुटू द्यायची नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी शुगर निघण्याआधी, तेविसाव्या वर्षी घ्यायची.

तुटू न देणं हेच आपल्यासाठी अवघड. आपलं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं. मी नूतनीकरणाची तारीख अशा महिन्यात आणली आहे, जेव्हा माझ्याकडे काम हमखास असतं, आणि प्रत्येक बिलातून थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकते. त्या खात्याचं एटीएम कार्ड अम्मीकडे आहे. हसू नका, मी स्वतःला ओळखते.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून नको असेल तर परत करता येते. ते ३० दिवस वाचण्यासाठी असतात. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. भावाने जावं असं मी सुचवलं होतं, पण त्याच्या बाबतीत कागदच त्याच्या विरुद्ध होता.

आता तो प्रश्न, जो चिठ्ठीवर लिहून तिघांनी पाठवला आहे. विमा जायज आहे का?

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. मला एवढं माहीत आहे की यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि सहकारी तत्त्वावरचा, एकमेकांना मदत करण्याचा विमा जायज. मलेशियात त्याच्या आधीच, १९८४ मध्ये, तकाफुलचा कायदा झाला होता. आपल्या बाजारात मात्र तुम्हाला-मला तकाफुलची पॉलिसी मिळत नाही. माझी विनंती एवढीच की आपल्या भरवशाच्या आलिमला विचाराल तेव्हा पूर्ण प्रश्न विचारा. नुसतं ‘विमा जायज आहे का’ एवढंच नको. माझं उत्पन्न असं आहे, घरात आजार असा आहे, सरकारी योजनेत हप्ता मला भरावा लागत नाही, पर्याय हे आहेत, अशा स्थितीत काय करू, असं विचारा. अर्ध्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर घेऊन घरी बसणारे मी बरेच पाहिले आहेत. आणि ज्यांना खाजगी पॉलिसी पटत नाही, त्यांनी निदान शासनाच्या योजनेचे कागद तरी अर्धवट ठेवू नयेत.

चंद्याबद्दल मी सुरुवातीला बोलले, त्यावर एक सूचना आहे, तुम्ही ठरवा. प्रत्येक मोहल्ल्यात दोन जण महिन्यातून एक रविवार बसले, आणि लोकांची रेशनकार्डं, आधार ताडून, दुरुस्तीचे अर्ज भरून दिले, तर किती क्यूआर कोड कमी होतील? यात पैसे लागत नाहीत, इंटरनेट आणि वाचता येणारा माणूस लागतो. तुमच्यातल्या प्रत्येकाला फॉर्म भरता येतो, आपण क्लायंटसाठी रोज तेच करतो. आणि चंदा जमवायचाच असेल तर विडी वळणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या कागदपत्रांच्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं त्यातून द्या. शिधावाटप कार्यालयाच्या चार चकरा म्हणजे चार दिवसांची मजुरी, म्हणून त्या जात नाहीत. जकातीतून हे करता येईल का, तेही आलिमांना विचारून घेऊ.

मी मगरिबनंतर मागच्या टेबलावर बसणार आहे, इशापर्यंत. ज्यांनी रेशनकार्ड आणलंय त्यांनी आधारसोबत घेऊन या, नावं ताडून बघू. ज्यांनी नाही आणलं त्यांनी घरी फोन करून फोटो मागवा. अम्मीला सांगा, कपाटात, वरच्या खणात, लाईटबिलांच्या खाली असेल.